बुद्धिबळ नव्याने शिकणाऱ्यांसाठी पुस्तके: कोणती आणि कोणत्या क्रमाने वाचावीत?

पटावरचा नवखा

नमस्कार. बुद्धिबळाचे नियम मी प्रौढ वयात शिकलो. मोहऱ्यांच्या चाली, किल्लेकोट, प्याद्याची बढती आणि एन पासां (दोन घरे पुढे आलेले प्यादे शेजारच्या प्याद्याने मारण्याचा खास नियम) हे सारे आता अंगवळणी पडले आहे, परंतु नियम कळणे आणि डाव खेळता येणे यांत केवढे अंतर आहे याचा प्रत्यय रोज येतो. सुरुवातीच्या चाली बऱ्या होतात. मग एखादा घोडा किंवा उंट फुकट जातो आणि त्यापुढे डाव नुसता लांबत राहतो.

संगणकाकडून डाव तपासून घेतला की कोणती चाल चुकली हे लगेच कळते, पण योग्य चाल सुचण्यासाठी पटावर नेमके काय पाहायला हवे होते हे मात्र कळत नाही. चित्रफितींचेही तसेच आहे. पाहताना सगळे पटते आणि पट समोर आला की त्यातले काही हाताशी येत नाही. म्हणून पुस्तक उघडून, शेजारी पट मांडून, सावकाश शिकावे असे मनात आहे.

अडचण अशी, की नवशिक्यांसाठी म्हणून छापलेली पुस्तके असंख्य आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ पुस्तकांत पहिली पन्नास पाने मोहऱ्यांच्या चाली समजावण्यात जातात, तर पुढच्याच प्रकरणात लेखक दहा चालींचे पर्याय मांडू लागतो. या दोहोंच्या मधली पायरी मला हवी आहे. सर्व विषय एकत्र असलेला एकच जाड ग्रंथ घ्यावा, की डावपेच, डावाची सुरुवात आणि डावाचा शेवट यांसाठी वेगवेगळी पुस्तके घ्यावीत? ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींचे, पुस्तक या टप्प्यावर लागते का? आणि शंभर वर्षांपूर्वीची नामांकित पुस्तके आज वाचण्यात अर्थ आहे का, की संगणकाच्या युगात ती कालबाह्य झाली आहेत? जाणकारांनी नावांसह आणि कारणांसह लिहिल्यास आभारी राहीन.

अडीच घरे

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपणच दिले आहे. ज्या खेळाडूचे मोहरे फुकट जातात त्याला प्याद्यांच्या रचनेवरील किंवा दूरदर्शी योजनांवरील पुस्तकाचा काही उपयोग नाही. कितीही चांगली योजना आखली तरी घोडा गेल्यावर ती योजना प्रतिस्पर्ध्याच्या कामी येते. या टप्प्यावर डाव जिंकले आणि हरले जातात ते एका किंवा दोन चालींच्या डावपेचांवर: जोर (दुसऱ्या मोहऱ्याचे संरक्षण) नसलेला मोहरा, दुहेरी मारा, पिन (मागे मोठा मोहरा किंवा राजा असल्यामुळे मोहरा जागचा हलू न शकणे), शेवटच्या आडव्या रांगेवरची मात. तेव्हा पहिले पुस्तक सोप्या कोड्यांचे असावे, आणि 'सोप्या' या शब्दावर माझा भर आहे.

अगदी पहिले म्हणून मी 'बॉबी फिशर टीचेस चेस' सुचवेन. हे पुस्तक १९६६ साली आले आणि फिशर यांच्याबरोबर स्टुअर्ट मार्ग्युलीस व डॉन मोझेनफेल्डर हे त्याचे सहलेखक आहेत. एका पानावर आकृती आणि प्रश्न, पान उलटले की उत्तर, अशी त्याची मांडणी आहे. त्यात विषय जवळजवळ एकच आहे, तो म्हणजे मात, आणि त्यातही शेवटच्या रांगेवरची मात. ज्याला सर्वांगीण शिक्षण हवे आहे त्याला हे तोकडे वाटेल. पण एकच कल्पना हळूहळू कठीण होत जाणाऱ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येते, त्यामुळे काळा राजा जी८ वर (उभ्या रांगांना ए ते एच ही अक्षरे, आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ हे आकडे) आणि त्याच्यासमोर एफ७, जी७, एच७ ही प्यादी जागची हललेली नाहीत असे दृश्य दिसले, की आठव्या रांगेकडे नजर आपोआप वळू लागते. ही नजरेची सवय हेच या पुस्तकाचे देणे आहे.

त्यानंतर कोड्यांचा एखादा मोठा संग्रह घ्यावा. लास्लो पोल्गार यांचा १९९४ चा ५,३३४ कोड्यांचा आणि डावांचा ग्रंथ सर्वांना माहीत आहे. त्याची जाडी पाहून घाबरू नये, कारण पहिली ३०६ कोडी एका चालीत मात करण्याची आहेत आणि आपल्याला सध्या तेवढीच हवी आहेत. त्यापुढचा दोन चालींतील मातांचा विभाग फार मोठा आहे. त्यात ज्या स्थिती प्रत्यक्ष डावात कधीच येणार नाहीत अशा रचल्यासारख्या दिसतात, त्या खुशाल सोडून द्याव्यात.

सोप्या कोड्यांवर इतका भर का, असे काहींना वाटेल. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खेळाडूंना काही सेकंद पट दाखवून तो आठवणीतून मांडायला सांगितले होते. स्थिती खऱ्या डावातली असली की निष्णात खेळाडू नवशिक्याच्या कितीतरी पुढे जात असे, पण तेच मोहरे कसेही विखरून ठेवले की हा फरक जवळजवळ नाहीसा होत असे. याचा अर्थ, चांगल्या खेळाडूची स्मरणशक्ती मुळात अफाट असते असे नाही, तर ओळखीच्या रचनांचा मोठा साठा त्याच्याजवळ असतो. असा साठा एका अवघड कोड्याशी तासभर झटून वाढत नाही. लवकर सुटणारी पुष्कळ कोडी सोडवून तो वाढतो. एखादे कोडे पाच मिनिटांत सुटले नाही, तर उत्तर पाहावे, खूण करून ठेवावी आणि काही दिवसांनी त्याच पानाकडे परत यावे.

ओपनिंगच्या पुस्तकाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आता नको. कारण दाखवण्यासाठी एकच उदाहरण देतो. ई४ ई५, उंट सी४ घोडा सी६, वजीर एच५ या क्रमात पांढरा एफ७ वर मात करू पाहतो आणि काळ्याने जी६ खेळून वजिराला हुसकावणे योग्य असते. हे पाठ केलेला विद्यार्थी पुढच्या डावात ई४ ई५ नंतर लगेच वजीर एच५ आला की तितक्याच आत्मविश्वासाने जी६ खेळतो. पण या वेळी घोडा सी६ वर आलेला नाही, म्हणून ई५ वरच्या प्याद्याला जोर नाही. वजीर ते प्यादे शह देऊन मारतो, आणि जी७ हे घर रिकामे झाल्यामुळे त्याच ठिकाणाहून एच८ वरचा हत्तीही त्याच्या माऱ्यात येतो. दोन्ही डावांत चाल तीच होती. एकदा ती उत्तम ठरली आणि एकदा तिने हत्ती घालवला. कारण ठाऊक नसताना पाठ केलेल्या ओपनिंगचे असेच होते.

शेवटची रांग

कोड्यांचे महत्त्व मान्य आहे. परंतु नुसती कोडी सोडवणाऱ्यांची एक अडचण मी नेहमी पाहतो. कोड्याच्या पानावर 'पांढऱ्याची चाल, पांढरा जिंकतो' असे लिहिलेले असते. डावात तशी सूचना कोणी देत नाही. जिथे मारण्यासारखे काही नाही अशा शांत स्थितीत काय करावे, हा नवशिक्याचा खरा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर सविस्तर टिपणांसह दिलेल्या संपूर्ण डावांतच मिळते.

या प्रकारात अर्व्हिंग चेर्नेव्ह यांच्या १९५७ सालच्या 'लॉजिकल चेस: मूव्ह बाय मूव्ह' या पुस्तकाला माझ्या मते अजून तोड नाही. त्यात ३३ डाव आहेत आणि प्रत्येक डावातील प्रत्येक चालीवर भाष्य आहे. पहिल्या डावात ई४ का, तर मध्य ताब्यात येतो आणि उंट व वजीर या दोघांना वाट मोकळी होते. दुसऱ्या चालीला घोडा एफ३ वर का, तर तो बाहेर येता येताच ई५ वर मारा करतो आणि राजाच्या बाजूचा किल्लेकोट जवळ आणतो. पुढचा डाव उघडावा, तर ई४ वर पुन्हा टिपण आहेच. अनुभवी वाचकाला ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते आणि समीक्षकांनी तिला नावेही ठेवली आहेत, पण ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले आहे त्याला तीच उपयोगी पडते. तेच कारण वेगवेगळ्या डावांत, थोड्या वेगळ्या शब्दांत वाचले, की ते नियम म्हणून पाठ करावे लागत नाही.

एक सावधगिरी बाळगावी. किल्लेकोटासमोरील प्यादे पुढे ढकलण्याचा चेर्नेव्ह यांना इतका तिटकारा आहे, की एच६ किंवा जी६ खेळणारा जणू त्याच चालीमुळे हरला असे वाटावे. वास्तवात मोठमोठे खेळाडू या चाली गरजेनुसार खेळतच असतात. पण नवशिक्या मुळातच ही प्यादी विनाकारण पुढे ढकलतो, त्यामुळे या टप्प्यावर लेखकाचा अतिरेक मी दोष मानत नाही. पुढे अपवाद शिकता येतात.

पुस्तक वाचण्याची रीत पुस्तकाइतकीच महत्त्वाची आहे. पट मांडावा, जिंकणाऱ्याची पुढची चाल कागदाने झाकावी, स्वतःची चाल ठरवावी आणि मगच कागद खाली सरकवावा. आपली चाल वेगळी निघाली तर टिपण वाचण्यापूर्वी दोन्ही चालींत काय फरक पडला असता हे पटावर खेळून पाहावे. अशा रीतीने एका डावाला संध्याकाळ लागते आणि ती लागू द्यावी. टिपणांतील उपपर्याय मात्र मुख्य डाव एकदा संपवल्याशिवाय पाहू नयेत, नाही तर पट मूळ स्थितीत परत आणण्यातच निम्मा वेळ जातो.

जुन्या पुस्तकांविषयी आपण विचारले आहे. इमॅन्युएल लास्कर यांची १८९५ साली लंडनमध्ये झालेली व्याख्याने 'कॉमन सेन्स इन चेस' या छोट्या पुस्तकात आहेत. घोडे उंटांच्या आधी बाहेर काढावेत, सुरुवातीला एकच मोहरा दोनदा हलवू नये, यांसारखे त्यांतले सल्ले आजही नवशिक्याला जसेच्या तसे लागू आहेत. त्यांचे काही विश्लेषण पुढच्या काळात चुकीचे ठरले आहे, पण ज्या पातळीवर एकेक मोहरा फुकट जातो त्या पातळीवर अर्ध्या प्याद्याच्या मूल्यमापनातील चूक कोणाला नडत नाही. उलट आरोन निम्झोविच यांचे १९२५ चे 'माय सिस्टिम' हे पुस्तक 'सर्वश्रेष्ठ' म्हणून अनेक याद्यांत पहिल्या क्रमांकावर दिसेल, आणि ते श्रेष्ठ आहेही, पण ते आता घेऊ नये. त्यातील कल्पना अर्धवट कळल्या तर खेळ सुधारण्याऐवजी विचित्र होतो.

तिरका उंट

वरच्या दोन्ही प्रतिसादांत डावाच्या शेवटाला जागाच नाही याचे नवल वाटले. होझे राउल कापाब्लांका यांनी १९२१ साली, म्हणजे ज्या वर्षी ते लास्कर यांना हरवून जगज्जेते झाले त्याच वर्षी, 'चेस फंडामेंटल्स' प्रसिद्ध केले. त्याचा आरंभ ओपनिंगने होत नाही, साध्या मातांनी होतो. राजा आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा, मग दोन उंट, मग वजीर, आणि लगेच एका प्याद्याचे शेवट. झीगबेर्ट टाराश यांनी १९३१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात शेवट, मध्य आणि सुरुवात असाच उलटा क्रम ठेवला. दोन इतक्या भिन्न वृत्तीचे शिक्षक एकाच क्रमावर येतात, यामागे कारण आहे. पटावर तीन-चार मोहरे असले म्हणजे प्रत्येक मोहऱ्याची ताकद स्वच्छ दिसते. बत्तीस मोहऱ्यांच्या गर्दीत ती दिसत नाही.

शिवाय डाव कशासाठी खेळायचा, हे शेवट शिकल्यावर कळते. एक प्यादे जास्त आहे, आता सगळे मोहरे मारामारीत काढून टाकावेत का? या प्रश्नाचे उत्तर राजा आणि प्यादे विरुद्ध राजा हा शेवट ज्याला येतो तोच देऊ शकतो. पांढरा राजा ई६ वर, प्यादे ई५ वर आणि काळा राजा ई८ वर असेल, तर चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. हीच रचना एक रांग खाली आणून पांढरा राजा ई५ वर, प्यादे ई४ वर आणि काळा राजा ई७ वर ठेवला, तर सगळे चाल कोणाची यावर येते. काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो, पांढऱ्याची असेल तर बरोबरी. हे ज्याला ठाऊक नाही तो जिंकलेला डाव बरोबरीत सोडतो आणि आपले काय चुकले हे त्याला उमगतही नाही.

मात्र कापाब्लांका यांचे पुस्तक आजच्या नवशिक्याला एकट्याने झेपेल असे मी म्हणणार नाही. त्यांची भाषा स्वच्छ आहे, पण त्यांना स्वतःला जे सहज दिसत असे ते वाचकालाही दिसत असणार असे ते गृहीत धरतात, आणि पहिल्या काही पानांनंतर चढण एकदम उभी होते. अलीकडच्या लेखकांपैकी जेरेमी सिलमन यांचा 'कंप्लीट एंडगेम कोर्स' या दृष्टीने अधिक सोयीचा आहे. शेवटांची वर्गवारी एरवी मोहऱ्यांप्रमाणे केली जाते. ती त्यांनी खेळाडूच्या पातळीप्रमाणे केली आहे. आपल्या पातळीचा भाग झाला की पुस्तक मिटावे आणि खेळायला जावे, असे लेखक स्वतःच सांगतो. पहिल्या भागात एकट्या राजावर वजिराने आणि हत्तीने मात कशी करावी, स्टेलमेट (शह नसताना चालच न उरल्याने होणारी बरोबरी) कसा टाळावा इतकेच आहे. तो भाग आणि त्यापुढचा एक भाग आपल्याला पुष्कळ काळ पुरेल. मार्क द्वोरेत्स्की यांचे एंडगेमवरील जाडजूड पुस्तक कोणी सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा. ते स्पर्धा गाजवणाऱ्यांसाठी आहे.

अडीच घरे

तिरका उंट यांचा मुद्दा तत्त्वतः बरोबर आहे, पण क्रमाबद्दल माझा मतभेद कायम आहे. ज्याचा डाव पंधराव्या चालीलाच एक मोहरा कमी होऊन बसतो त्याच्या पटावर राजा-प्याद्याचा समतोल शेवट क्वचितच येतो. वजीर आणि हत्ती यांच्या माता तर हव्यातच, कारण मोठी आघाडी मिळूनही मात न करता येणे किंवा घाईत स्टेलमेट देऊन बसणे हे फार वेळा घडते. त्या पलीकडचे शेवट महिना-दोन महिने थांबले तरी चालतील. टाराश आणि कापाब्लांका ज्या विद्यार्थ्यासाठी लिहीत होते त्याच्याजवळ निवांत वेळ होता. आजचा नवशिक्या त्याच रात्री कोणाशी तरी खेळणार असतो.

पान उलटा

पुस्तकांची नावे बरीच आली आहेत. कार्यपुस्तिकांचा एक प्रकार मात्र राहिला, म्हणून थोडक्यात लिहितो. रॉब ब्रुनिया आणि कोर व्हान वाइखरडेन यांनी १९८७ पासून नेदरलँड्समध्ये विकसित केलेली 'स्टेप्स मेथड' ही सहा पायऱ्यांची पद्धत मुख्यतः मुलांच्या वर्गासाठी असली तरी प्रौढांनी तिच्याकडे तुच्छतेने पाहू नये. पुस्तिकेत मजकूर जवळजवळ नसतो, आकृत्या असतात, आणि पहिल्या पायऱ्यांत 'कोणत्या मोहऱ्याला जोर नाही' किंवा 'शहातून कसे सुटाल' यांसारखे साधे प्रश्न असतात. समजावून सांगणारा कोणी सोबत असेल तर उत्तमच. नसेल तर शिक्षकांसाठीचे स्वतंत्र पुस्तक मिळते, तेही घ्यावे. घरात लहान मूल शिकणारे असेल तर मरे चँडलर यांचे 'हाउ टू बीट युअर डॅड अ‍ॅट चेस' चांगले आहे. मुखपृष्ठ बालसुलभ आहे, पण आत मातेच्या ५० मूलभूत रचना नीट वर्गवारी करून दिल्या आहेत आणि त्या मोठ्यांनाही तितक्याच लागतात.

आर्तुर युसुपोव्ह यांच्या नऊ खंडांच्या मालिकेची शिफारसही आपल्या कानावर येईल. मालिका फार चांगली आहे, परंतु तिचा पहिला खंडसुद्धा निव्वळ नवशिक्यासाठी नाही. नियमितपणे स्पर्धा खेळू लागल्यावर ती घ्यावी.

एखादे पुस्तक आपल्या पातळीचे आहे का, हे ओळखण्यासाठी मी मुखपृष्ठावरील दाव्यांकडे पाहत नाही. मधले कोणतेही पान उघडावे आणि एका आकृतीपासून पुढच्या आकृतीपर्यंत किती चाली आहेत ते पाहावे. तीन-चार चालींनंतर नवी आकृती येत असेल, तर तो लेखक आपल्यासाठी लिहितो आहे. पान आकड्यांनी आणि कंसांनी भरलेले असेल आणि 'पांढऱ्याची बाजू वरचढ' एवढ्यावर परिच्छेद संपत असेल, तर ते पुस्तक सध्या शेल्फवरच बरे.

पटावरचा नवखा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकच जाड ग्रंथ घेण्याचा विचार मी सोडून दिला आहे. सध्या सोप्या कोड्यांचे एक पुस्तक आणि चेर्नेव्ह यांचे पुस्तक अशी जोडी ठरवली आहे, आणि शेवटांपैकी वजीर व हत्ती यांच्या माता आधी पक्क्या करीन.

दोन शंका राहिल्या. जुन्या पुस्तकांची एक छापील प्रत चाळताना चाली अशा लिहिलेल्या दिसल्या की मला काहीच बोध होईना. घरांना ई४, डी५ अशी नावे नव्हती आणि काळ्या-पांढऱ्याच्या चालींत एकच आकडा वेगवेगळ्या घरांसाठी वापरलेला वाटला. ही पद्धत शिकून घ्यावी का? दुसरी शंका तिरका उंट यांच्यासाठी. त्यांनी दिलेली एका प्याद्याची स्थिती पटावर पुढे खेळून पाहिली. पांढरा राजा डी५ वर, प्यादे ई६ वर, काळा राजा ई७ वर आणि चाल काळ्याची, अशी वेळ आली. काळ्याने सरळ मागे ई८ वरच जावे असे सर्वत्र लिहिलेले आहे. डी८ वर गेल्यास तो पांढऱ्या राजाच्या समोर राहतो, ते अधिक बरे नव्हे काय?

शेवटची रांग

पहिल्या शंकेपुरते लिहितो. ती जुनी वर्णनात्मक पद्धत आहे. तिच्यात उभ्या रांगेला तिथे आरंभी असलेल्या मोहऱ्याचे नाव असते आणि आडव्या रांगा प्रत्येक खेळाडू आपापल्या बाजूने मोजतो. त्यामुळे आजचे ई४ हे घर पांढऱ्याच्या दृष्टीने राजाच्या रांगेतील चौथे, तर काळ्याच्या दृष्टीने पाचवे होते. जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९८१ पासून ही पद्धत ग्राह्य धरणे बंद केले. आपण ती मुद्दाम शिकण्याची गरज नाही. चेर्नेव्ह आणि कापाब्लांका या दोघांच्याही पुस्तकांच्या आधुनिक पद्धतीतील आवृत्त्या उपलब्ध आहेत. घेण्यापूर्वी आतले एक पान पाहून खात्री करून घ्यावी, कारण जुन्या आवृत्तीचे हुबेहूब पुनर्मुद्रणही नव्या मुखपृष्ठासह विकले जाते.

तिरका उंट

आपण स्थिती पटावर मांडून पाहिलीत, हे फार चांगले केले. आता दोन्ही मार्ग तसेच मांडून पाहा.

काळा राजा डी८ वर गेला, तर पांढरा राजा डी६ वर येतो. आता दोन राजे एका घराच्या अंतराने समोरासमोर आहेत, पण चाल काळ्याची आहे, म्हणून त्यालाच बाजूला व्हावे लागते. तो ई८ वर जातो, पांढरा प्यादे ई७ वर नेतो आणि या प्याद्याने शह बसत नाही. काळ्या राजाला डी८ आणि एफ८ ही घरे प्याद्यामुळे बंद आहेत, डी७ पांढऱ्या राजामुळे बंद आहे, आणि ई७ वरचे प्यादे मारता येत नाही कारण त्याला राजाचा जोर आहे. उरते फक्त एफ७. तो तिथे गेला की पांढरा राजा डी७ वर येतो आणि पुढच्या चालीला प्याद्याचा वजीर होतो. आज जे समोर असणे आपल्याला बरे वाटले ते एका चालीपुरतेच टिकते. पांढरा पुढे सरकताच चालीची पाळी काळ्यावर येते आणि तीच त्याला मारक ठरते.

आता काळा राजा ई८ वर नेऊन पाहा. पांढरा राजा डी६ वर आला की काळा डी८ वर जातो; राजे पुन्हा समोरासमोर, पण या वेळी चाल पांढऱ्याची. तो प्यादे ई७ वर नेतो तेव्हा शह बसतो, काळा राजा ई८ वर येतो, आणि पांढऱ्याजवळ प्याद्याला जोर देण्यासाठी ई६ हे एकच घर उरते. राजा तिथे गेला की काळ्याला शह नाही आणि चालही नाही, म्हणजे स्टेलमेट. दुसरीकडे गेला तर प्यादे जाते. दोन्हींत बरोबरी.

पांढरा राजा डी बाजूऐवजी एफ बाजूने येऊ लागला, म्हणजे एफ५ वरून एफ६ वर, तरी काळ्याने आधी ई८ वर आणि मग एफ८ वर जावे. सारे आरशातल्यासारखे उलटे होते. या शेवटात प्यादे सातव्या रांगेवर शह देत पोहोचले तर बरोबरी आणि शह न देता पोहोचले तर विजय, एवढे ध्यानात ठेवल्यास घाईच्या डावातही मोजदाद करावी लागणार नाही. हीच मांडणी सी किंवा डी रांगेतील प्याद्याने करून पाहिलीत तर निकाल तोच येईल. ए आणि एच या कडेच्या रांगांचा हिशोब मात्र वेगळा आहे: तिथे काळा राजा प्याद्याच्या समोरच्या कोपऱ्यात पोहोचला, की पांढऱ्याने काहीही केले तरी बरोबरीच होते, कारण राजाला बाहेर काढायला पलीकडे घरच नसते.